पाचवा महिना

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर ७ मार्च १९७१ रोजी गेले. देशात तेव्हा लोकसभेच्या मध्यावधी निवडणुकीची धामधूम चालू होती. आमच्या शेळगावात त्या दिवशी कालव्याच्या पाळीवरून कुठं तरी बोलाचाली झाली असेल, उसाच्या गाड्या भवानीनगरच्या काट्याकडे रांगेनं निघाल्या असतील, चावडीवर मतांचे हिशेब चालले असतील. या नावाचा माणूस गेला हे इथं कुणाला कळलं नाही. कळलं असतं तरी कोण कुठला डॉक्टर म्हणून माणसं आपापल्या कामाला लागली असती. इतक्या वर्षांनी मी त्यांच्या नावानं शोक करायला बसले आहे. उशीर झाला आहे, पण शोक माझा घरचाच आहे.

बारामतीहून इंदापूरकडे निघालं, की भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे अशी गावं मागं टाकत आमचा फाटा येतो. पुढं गोतोंडी, मग पानमळ्यांचं निमगाव केतकी. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेनं जाते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, मका, डाळिंबाच्या बागा, आणि कडेला हात जोडून उभ्या राहिलेल्या बाया. लहानपणी मी त्यांच्या पुटपुटणाऱ्या ओठांकडे बघत राहायची. मोठी झाल्यावर त्यातल्या काहींचं मागणं कळलं. एकीला दिवस राहायला हवे असायचे. दुसरीला राहिलेले दिवस टिकायला हवे असायचे. पहिलीचं दुःख गावाच्या ओळखीचं. दुसरीचं गावाला कोडं पडायचं. दिवस राहतात, ओकाऱ्या होतात, चोरचोळी होते, पोट दिसायला लागतं आणि पाचव्या महिन्यात एका रात्रीत सगळं खाली जातं. एकदा. पुन्हा दुसऱ्यांदा. पुन्हा तिसऱ्यांदा.

कोडं पडलं की गाव उत्तर शोधतं, आणि ते उत्तर बाईच्या अंगाशी येऊन थांबतं. हिनं ग्रहणात विळी हातात धरली. हिनं भरलेला हंडा उचलला. हिला विहिरीवर आसरा लागल्या. हिच्या पायगुणानं असं होतं. मग देवऋषी, अंगारा, सात विहिरींचं पाणी, लिंबू, सातीआसरांना हिरवं लुगडं. हे करणारी माणसं दुष्ट नव्हती. तीही भेदरलेली होती. पण भेदरलेलं घर जेव्हा कारण शोधतं, तेव्हा घरात बाहेरून आलेली एकटी सूनच त्याच्या हाताला लागते.

आणि त्यातही एक गोष्ट तिच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभी राहायची. तिला दुखलेलं नसायचं. बाळंतपण म्हटलं की कळा, ओरडणं, उंबरठा धरून बसणं. हिला त्यातलं काहीच नाही. कंबर जरा जड वाटली, पाणी गेलं आणि मूल आलं. सुईण पोचायच्या आत सगळं आटपलेलं. घरातल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायच्या. कळा न येता पोट पडतं ते कसं? काही तरी खाल्लं असेल. कुणाचं तरी ऐकलं असेल. न दुखणं हा बाईचा गुन्हा ठरायचा.

मला शिरोडकर इथं भेटतात. ज्या वाक्यानं आमच्याकडे बाई दोषी ठरली, त्याच वाक्यावर या माणसानं सगळी मदार ठेवली. दुखलं नाही, असं ती म्हणते ना? मग तिचं म्हणणं खरं धरा. कळा आल्या नाहीत याचा अर्थ गर्भपिशवीनं मूल बाहेर ढकललेलं नाही. पिशवीचं तोंडच आपोआप उघडलं. आतलं मूल चांगलं होतं, त्याचं हृदय चालत होतं, हातापायांची बोटं झाली होती, नाळ ठीक होती. दार तेवढं कमजोर होतं, आणि वजन वाढलं तसं ते न कुरकुरता उघडलं.

शिरोडा नावाची दोन गावं आपल्याला माहीत असतात. एक वेंगुर्ल्याकडचं, मिठाच्या सत्याग्रहाचं. दुसरं गोव्यात, फोंडा तालुक्यात, जुवारीच्या काठी. विठ्ठल नागेश जन्मले ते या दुसऱ्या शिरोड्यात, २७ एप्रिल १८९९ रोजी. गोवा पोर्तुगीजांचा. मुलगा शाळेसाठी हुबळीला गेला आणि पुढं मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९२३ साली एम.बी.बी.एस., १९२७ साली प्रसूती आणि स्त्रीरोग या विषयात एम.डी., मग विलायतेला जाऊन १९३१ साली एफ.आर.सी.एस. आयुष्याचा हा भाग तीन ओळींत सांगता येतो, कारण अशी पदव्यांची शिडी त्या काळात आणखीही काही जण चढले. मला त्यांच्या पदव्यांपेक्षा ते परत कुठं आले यात जास्त रस आहे. ते आले भायखळ्याला, जे.जे. रुग्णालयाच्या वॉर्डांत.

ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचं. डॉ. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीतले. शेजारी जे.जे. रुग्णालय, म्हणजे मुंबईच्या गरिबांचं मोठं दार. गिरण्यांतल्या, चाळींतल्या, कोकणातून आणि घाटावरून आलेल्या बाया तिथं यायच्या. मुंबईत तेव्हा मोठे डॉक्टर सरकारी रुग्णालयांत मानद म्हणून काम करत, तिथंच विद्यार्थ्यांना शिकवत, आणि पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा ठेवत. शिरोडकर याच पद्धतीत वाढले आणि १९४० च्या दशकात ग्रँटमध्ये प्रसूती व स्त्रीरोग विभागाचे प्राध्यापक होते. श्रीमंत घरची एक बाई पाचव्या महिन्यात मोकळी झाली तर डॉक्टरला ते दुर्दैव वाटेल. सार्वजनिक रुग्णालयाच्या लांबलचक वॉर्डात मात्र तशीच कहाणी पुन्हापुन्हा कानावर येते, आणि मग ऐकणाऱ्याला झोप लागत नाही. तो ऐकणारा असला तर.

ते ऐकणारे होते. काही बायांचा गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान वारंवार पडतो आणि त्यांना कितीही झोपवून ठेवलं, कितीही हार्मोनं दिली तरी फरक पडत नाही, असं त्यांनी आपल्या १९५५ सालच्या निबंधात लिहिलं. मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या वैद्यकीय मासिकात तो आला. लंडन-न्यूयॉर्कच्या नियतकालिकात नव्हे, मद्रासच्या मासिकात. जगभरच्या प्रसूतिगृहांत पुढं जे रुजलं, ते आपल्याकडच्या वॉर्डात दिसलं, आपल्याकडच्या मासिकात छापलं गेलं. याचा मला फार अभिमान वाटतो. अमेरिकेत लॅश यांनी त्याआधी पाच वर्षं, म्हणजे १९५० साली, बाई गरोदर नसताना पिशवीचं तोंड दुरुस्त करायची शस्त्रक्रिया मांडली होती. शिरोडकरांनी धाडस केलं ते असं, की पोटात जिवंत मूल असतानाच टाका घालायचा.

ते नेमकं काय करत, हे जवळून बघण्यासारखं आहे. शस्त्रक्रियांची वर्णनं बायका-माणसांनी वाचू नयेत असा आपल्याकडे एक संकेत आहे. मला तो कधीच पटला नाही. ज्यांच्या शरीरात ती होते त्यांनाच ती सांगायची नाही, हे कुठलं शहाणपण?

साधारण बारा ते चौदा आठवडे झालेले. बाईला कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केलेला. ती उताणी, पाय वर बांधलेले. दिव्याच्या उजेडात गर्भपिशवीचं तोंड अलगद चिमट्यात धरलेलं. समोरच्या बाजूला एक आडवा छेद, आणि लघवीची पिशवी हळूहळू वर सरकवायची, म्हणजे सुईला तोंडाच्या वरच्या, आतल्या टोकापर्यंत वाट मिळेल. मागच्या बाजूला आणखी एक छोटा छेद. मग पुढून मागं आणि मागून पुढं, अस्तराच्या खालून, पट्टी ओवायची. ती ओढायची, पण जीव गुदमरेल अशी नाही आणि ढिली राहील अशीही नाही. गाठ मारायची. वरचं अस्तर पुन्हा शिवून टाकायचं. पाण्याची पिशवी त्या जागेपासून बोटभर अंतरावर असते. सुई तिला लागली तर सगळं संपलं. म्हणून हे काम घाईचं नाही, आणि रेंगाळायचंही नाही.

सुरुवातीला त्यांनी वापरलेली ती पट्टी कशाची होती? बाईच्याच मांडीची. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर एक चिवट पांढरं आवरण असतं, फॅशिया लाटा म्हणतात त्याला. त्यातली अरुंद पट्टी काढायची आणि तिच्याच गर्भपिशवीच्या तोंडाभोवती बसवायची. पुढं लिननचे दोरे आले, मर्सिलीनची फीत आली, आणि मांडीला छेद देण्याचं कारण उरलं नाही. पण ती पहिली कल्पना माझ्या डोक्यातून जात नाही. दिवसभर उकिडवं बसून खुरपणारी, डोक्यावर भारा घेऊन बांध चढणारी, रात्री पाटा-वरवंट्याशी टेकणारी मांडी. तिच्यातलं बळ काढून डॉक्टरनं ते तिच्याच कमजोर जागी नेऊन लावलं. बाहेरून काही आणलं नाही. तुझ्यात कमी आहे ते तुझ्यातच आहे, फक्त दुसरीकडे आहे, असं शरीरालाच सांगणारी ती शस्त्रक्रिया होती.

मग महिने जातात. सहावा, सातवा, आठवा. सदतिसाव्या आठवड्याच्या आसपास टाका काढतात आणि बाई तिच्या वेळेला, तिच्या कळांनी बाळंत होते. तिच्या कळांनी, हे दोन शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. आधी ज्या कळा आल्या नाहीत म्हणून तिला बोल लागला होता, त्या यावेळी तिच्या वाट्याला येतात, आणि बाई ओरडते तेव्हा बाहेर बसलेल्या सासूच्या जिवात जीव येतो.

सर्जन गेला की त्याच्या हातातलं कसब त्याच्याबरोबर जातं, ही खंत सगळ्या मोठ्या शस्त्रवैद्यांच्या आठवणींत असते. शिरोडकर शिकवणारे होते म्हणून तसं झालं नाही. त्यांनी आपली तंत्रं देशाबाहेरही करून दाखवली आणि १९६० साली एडिंबऱ्याहून ‘काँट्रिब्यूशन्स टु ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनेकॉलॉजी’ या नावानं आपलं काम एका पुस्तकात मांडलं. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि ज्या वर्षी गेले त्या १९७१ साली पद्मविभूषण. सन्मान झाले ते बरंच झालं. पण एखाद्या प्राध्यापकाला खरी पावती मिळते ती दुसऱ्यांच्या हातांत. आपण पाहिलेला नाही, आपल्याला ओळखत नाही, असा कुणी तरुण डॉक्टर एखाद्या तालुक्याच्या गावी, दिवे गेलेले असताना, आपण लावून दिलेल्या क्रमानं सुई चालवतो. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आमच्या भागातली मुलं-मुली तिथं पांढरा कोट घालून फिरताना बघते तेव्हा मला हाच क्रम आठवतो.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आज घातल्या जाणाऱ्या टाक्यांपैकी बहुतेक शिरोडकरांच्या पद्धतीचे नसतात. मेलबर्नच्या इयन मॅकडोनल्ड यांनी १९५७ साली सोपी रीत सांगितली. छेद द्यायचा नाही, लघवीची पिशवी सरकवायची नाही, बटव्याची नाडी ओढावी तसा तोंडाभोवती चार-पाच ठिकाणी दोरा घ्यायचा आणि आवळायचा. ती शिकायला सोपी, काढायला सोपी, म्हणून ती पसरली. शिरोडकरांचा टाका आतल्या टोकाला, उंचावर बसतो. जिथं तोंड फारच आखूड किंवा फाटलेलं असतं, तिथं जाणकार आजही त्यांच्याकडे वळतात. यानं शिरोडकर लहान होतात असं मला वाटत नाही. तोंड सैल पडतं आणि ते गरोदरपणातच बांधता येतं, एवढं एकदा कुणी दाखवून दिलं की बांधायच्या रीती आणखी निघणारच.

आणि दुसरी गोष्ट. टाका म्हणजे सगळ्यांवर उतारा नव्हे. १९९३ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्यांच्याबद्दल डॉक्टरांनाच खात्री नव्हती अशा १,२९२ बाया त्यात होत्या. तेहेतीस आठवड्यांच्या आत बाळंत होणाऱ्यांचं प्रमाण टाका घातलेल्यांत १३ टक्के, न घातलेल्यांत १७ टक्के. म्हणजे साधारण पंचवीस टाके घालावेत तेव्हा एकीला त्याचा फायदा. हे आकडे कोरडे वाटतील, पण मला ते शिरोडकरांच्या बाजूचेच वाटतात. ते सरसकट टाका घाला म्हणत नव्हते. तिची हकीकत विचारा, म्हणत होते. कितव्या महिन्यात? कळा होत्या का? आधी पाणी गेलं की आधी रक्त? आज सोनोग्राफीवर तोंडाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येते, आणि पंचवीस मिलिमीटरच्या खाली आली की डॉक्टर सावध होतात. शिरोडकरांकडे बोटं होती आणि कान होते.

त्यांचं दुसरं एक काम लोकांना याहून कमी माहीत आहे, आणि आमच्या मुलखाला त्याची गरज जास्त आहे. अंग बाहेर येणं. आमच्याकडच्या बाया हे दुखणं एकमेकींनाही कानात सांगतात. कमी वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणं, बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी शेतात, डोक्यावर भारा. गर्भपिशवीला धरून ठेवणारे बंध ताणले जातात आणि ती खाली उतरते. वय सत्तावीस-अठ्ठावीस, अजून मुलं हवी असतात, आणि सोपा उपाय एकच सांगितला जातो, पिशवी काढून टाका. शिरोडकरांनी अशा तरुण बायांसाठी वेगळी शस्त्रक्रिया बसवली. पिशवी काढायची नाही. फॅशियाच्या किंवा फितीच्या आधारानं तिला मागं माकडहाडाच्या वरच्या हाडाशी बांधून वर उचलून धरायची, म्हणजे ती जागेवर राहील आणि पुढं मूलही होऊ शकेल. याच काळात मुंबईत डॉ. बी. एन. पुरंदरे यांनीही याच दुखण्यावर आपली पद्धत बसवली. परदेशी पुस्तकांत अंग बाहेर येणं हे बहुधा म्हातारपणीचं दुखणं. आपल्याकडची तरुण, राबणारी बाई डोळ्यांसमोर असल्याशिवाय ही शस्त्रक्रिया सुचली नसती.

हे लिहिताना हात थांबतो. दर वर्षी दिवाळीच्या पुढंमागं बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आमच्या शिवारात उतरतात. पाचटाच्या खोपी, पहाटे तीनची चूल, कोयता. २०१९ साली या बायांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या सगळीकडे छापून आल्या. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तिशी-पस्तिशीतल्या बाया. पाळी आली की खाडा, खाडा झाला की मुकादमाचा दंड, अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखाना, दवाखान्यात कॅन्सरची भीती, आणि मग शस्त्रक्रिया. एका माणसानं आयुष्यभर गर्भपिशवी वाचवायच्या नाना रीती शोधल्या. तिचं तोंड बांधलं, तिला वर उचलून धरलं, बंद पडलेल्या बीजनलिका उघडायच्या शस्त्रक्रिया केल्या. त्याच राज्यात त्याच्या मागं पन्नास वर्षांनी पिशवी ही अडगळ म्हणून काढली जाते. शिरोडकरांसाठी रडायचं तर मी इथं रडेन. ते बहात्तराव्या वर्षी गेले, भरलं आयुष्य जगून गेले, त्याचं दुःख मानण्यात अर्थ नाही. त्यांनी जे बघायला शिकवलं ते आमच्या शिवारापर्यंत यायचं राहून गेलं.

काही ठिकाणी आलं. माझ्या धाकट्या भावजयीचं पहिलं पोट एकोणिसाव्या आठवड्यात खाली गेलं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी तिला घेऊन बारामतीला गेले. डॉक्टर बाई वयानं तिच्याएवढ्याच. त्यांनी नाडी बघायच्या आधी विचारलं, “मागच्या वेळी दुखलं होतं का?” भावजय माझ्याकडे बघायला लागली. या प्रश्नाचं उत्तर दिलं की काय होतं हे तिला घरातून माहीत होतं. “नाही,” ती खाली बघून म्हणाली. “जरासुद्धा नाही?” “कंबर भरून आली होती. बाकी काही नाही.” डॉक्टर बाईंनी मान हलवली, कागदावर काही लिहिलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “यात तुमचं काही चुकलेलं नाही. तोंड सैल आहे. आपण टाका घालू.” भावजय तिथंच खुर्चीत रडायला लागली. टाक्याच्या भीतीनं नव्हे. ते चुकलेलं नाही हे वाक्य तिला लग्न झाल्यापासून कुणी म्हटलं नव्हतं.

तेराव्या आठवड्यात टाका पडला. घरी आल्यावर सगळ्या भावकीला कळलं की हिच्या पिशवीला टाका घातलाय, आणि मग जिन्याची पायरी, बादली, एस.टी.चा प्रवास, सगळ्याला बंदी झाली. आता मुलगी अंगणवाडीत जाते आणि बाईंना उलट बोलते.

माझी थोरली चुलती या सगळ्या महिन्यांत भावजयीच्या खाटेपासून हलली नाही. काकी आता ऐंशीच्या पुढं आहे. तिला मूल नाही. तिची तीन गेली. पहिलं चीनच्या लढाईच्या साली, शेवटचं कोयनेचा भूकंप झाला त्या वर्षी, तिन्ही पाचव्या महिन्यात. काकांनी दुसरं लग्न केलं नाही, हा त्यांचा मोठेपणा म्हणून गावात आजही सांगतात. काकीच्या बाजूनं सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नाही. आम्ही पुतणे-पुतण्या तिनं वाढवले, आणि तेवढ्यावर तो विषय मिटला असं घरानं धरून चाललं.

मुलीचं बारसं झालं त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली.

“त्यो टाका,” ती म्हणाली, “कुणी काढला गं?”

“शिरोडकर म्हणून डॉक्टर होते, काकी. मुंबईला.”

“कुठल्या गावचं?”

“गोव्याचे. शिरोड्याचे.”

ती जरा वेळ मनातल्या मनात काही जुळवत राहिली. मग म्हणाली, “आमच्या टायमाला नव्हतं व्हय ते?”

मला खोटं बोलता आलं असतं. “होते,” मी म्हणाले. “तुझ्या पहिल्या वेळेला त्यांचा टाका निघून सात वर्षं झाली होती.”

“मग?”

“तेव्हा इथनं मुंबईला कोण नेणार होतं, काकी? रस्ता धड नव्हता.”

“रस्ता व्हता की,” ती म्हणाली. “एष्टी व्हती. बारामतीला आगगाडी व्हती. तुझा काका औताचं बैल बघाय पार सांगोल्यापतूर जात व्हता. रस्त्याचं नगं सांगू मला. दुखलं न्हाई, मी सांगितलं व्हतं सगळ्यास्नी. तिन्ही बारीला सांगितलं. पुढं इचारलं का कुणी, न्हाई दुखलं तर मग कसं झालं म्हणून?”